हरकत असल्यास लेखी कळवावी

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
कोल्हापूर शहरातील गृहनिर्माण संस्था व अपार्टमेंट

प्रत माहितीसाठी : जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, कोल्हापूर

विषय : दोन खोल्या, स्वयंपाकघर व लिफ्टची सोय असलेले घर अठरा महिन्यांसाठी भाड्याने मिळणेबाबत.

स.न.वि.वि.

खुल्या पत्राला असला विषय शोभत नाही, हे मला कळतं. पण चौतीस वर्षं सिटी सर्व्हेत, म्हणजे शहरातल्या मिळकतींच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत, कारकुनी केली आहे. विषयाच्या ओळीत एक आणि मजकुरात भलतंच, असा अर्ज मी कधी पुढं जाऊ दिला नाही. आता स्वतः कसा लिहू? मला खरोखरच घर हवं आहे. बाकीचं सगळं त्या घराच्या मागून येतं.

आमचं स्वतःचं घर शुक्रवार पेठेत. आजोबांनी बांधलेलं, मातीच्या भिंतींचं, वर कौलं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आत आली ती कमरेएवढी. जुलै २०२१ मध्ये पुन्हा आली. दुसऱ्या खेपेला मागची भिंत फुगली. इंजिनियर पोरगा बघायला आला, त्यानं खिशातलं पेन भिंतीला लावलं आणि ते सुरीसारखं आत गेलं. पुढं काही बोलावं लागलं नाही. पाडून नवं बांधायचं ठरलं, परवाना मिळाला. कंत्राटदार अठरा महिने म्हणतो, म्हणजे दोन वर्षं धरायची. तेवढ्या काळापुरता आसरा हवाय मला, माझ्या पत्नीला आणि तिच्या दोन गुडघ्यांना. दोन्हींचं ऑपरेशन झालंय, जिना बंद. म्हणून लिफ्ट.

तर वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा भाड्याचं घर शोधायला बाहेर पडलो.

माझं आडनाव देसाई. आपल्याकडं हे आडनाव कुणाचंही असतं. देसाई, इनामदार, जमादार, पाटील ही आडनावं वतनातून आणि हुद्द्यातून आली, धर्मातून नाही. त्यामुळं फोनवर माझं काम झकास सुरू होतं.

“बोला देसाईसाहेब. गाव कुठलं आपलं? गारगोटीकडचं का?”

“नाही, कोल्हापूरच.”

“मग काय, आपलीच माणसं. फ्लॅट एक नंबर आहे बघा. पूर्वेला दार, दोन्ही वेळ पाणी, आता थेट पाइपलाइनचं. उद्या येताय का? नाव लिहून ठेवतो, पूर्ण सांगा.”

मी पूर्ण सांगतो. मग पलीकडं जरा शांत होतं. एकदा खाकरून होईल एवढाच वेळ, पण आता मी ती शांतता चेहऱ्यासारखी ओळखतो. नंतर आवाज येतो तो नेहमी हळू येतो. “साहेब, तो फ्लॅट बहुतेक गेलाय वाटतं. मालकांना विचारून फोन करतो हां.” फोन येत नाही.

अकरा घरं झाली. चार फोनवरच संपली. दोन ठिकाणी मालकांचा पुतण्या पुण्याहून राहायला येणार होता. एका ठिकाणी भाचा. एका बाईंनी दार उघडलं, पत्नीला खुर्ची दिली, पाणी दिलं, गुडघ्याला कुठलं तेल लावता ते विचारलं आणि मग म्हणाल्या, “आमचं काही नाही हो वैनी, पण खालच्या मजल्यावरचे लोक जरा तसे आहेत.” खालच्या मजल्यावरच्या लोकांना भेटलो. ते म्हणाले, वरचे तसे आहेत.

नवव्या घराचं जरा सविस्तर लिहितो, कारण हे पत्र तिथून निघालं.

मालक जैन. पहिल्या भेटीतच आडपडदा न ठेवता म्हणाले, “भाऊसाहेब, आमच्या घरात मांसमच्छी शिजलेली आम्हाला चालत नाही. तुम्हाला जमत असलं तर घर तुमचं.” मला हा माणूस आवडला. मी घरी विचारून सांगतो म्हटलं. पत्नीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “डॉक्टरनं वजन कमी करायला सांगितलंच आहे.” दुसऱ्या दिवशी मी ५,००० रुपये टोकन पाठवलं. तिनं पडद्यांची मापं घेतली. गॅलरीत तुळशीची कुंडी होती. ती तिथंच राहू द्या, मी पाणी घालीन, असं ती मालकिणीला सांगून आली.

आठव्या दिवशी रात्री पावणेदहाला मोबाइल वाजला. खात्यात ५,००० जमा. खाली एक ओळसुद्धा नाही, नुसतं हात जोडल्याचं चित्र.

सकाळी ते गृहस्थ स्वतः आमच्या दारात आले. चपला काढून आत आले, कट्ट्यावर बसले, चहा घेतला. त्यांना सचिवांचा फोन गेला होता. “मिटिंगमध्ये ठरलंय म्हणतात, असल्या लोकांना द्यायचं नाही. मला पुढच्या वर्षी हाच फ्लॅट विकायचाय भाऊसाहेब, पोरीचं लग्न आहे. सोसायटीचे कागद त्यांच्याच हातात.” मी म्हटलं, ठराव बघू द्या. ते म्हणाले, लिहिलेलं काही नाही हो.

मग मी सचिवांकडं गेलो. सभ्य माणूस. उठून उभे राहिले, बसा म्हणाले. “देसाईसाहेब, आमचं वैयक्तिक काही नाही. उलट तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत. पण सभासदांची भावना असते.” मी म्हटलं, बरोबर आहे, भावना असते, तेवढी कागदावर लिहून द्या आणि खाली सही करा. तर म्हणाले, “लेखी कशाला? आपण काय परके आहोत का?”

घर मागितलं तेव्हा मी परका होतो. कागद मागितल्यावर एकदम घरचा झालो.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, नाव लावायचं झालं, म्हणजे वारस, खरेदी, बक्षीसपत्र काहीही असो, की संबंधितांना नोटीस जाते. तिच्या शेवटी ठरलेली ओळ : हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी. ही ओळ मी किती हजार वेळा लिहिली असेल त्याचा हिशेब नाही. तुमच्यातल्या जुन्या मिळकतदारांच्या पत्रिकेवर, संगणक येण्याआधीच्या काळातलं, माझंच अक्षर आहे. टेबलासमोर येऊन भाऊ भावाच्या विरोधात दोन-दोन तास तोंडी भांडायचा. मी ऐकून घ्यायचो आणि कोरा कागद पुढं सरकवायचो. निम्मे लोक कागद बघून उठून जायचे. तोंडी हरकत ही हरकतच नसते. तिच्यावर सुनावणी होत नाही, निकाल होत नाही आणि अपीलही होत नाही.

तुमची हरकत तोंडी का असते, ते मला यातून समजलं. कायदा तुम्हाला माहीत आहे म्हणूनच ती तोंडी असते.

त्या कायद्याचंही बघू. घरमालकानं आपलं घर कुणाला द्यावं, हा त्याचा खासगी मामला आहे. संविधानाचं कलम १५ दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, रस्ते यांची नावं घेतं. भाड्याच्या फ्लॅटचं नाव घेत नाही. एकट्या मालकाला मी यात कोर्टात ओढू शकत नाही आणि ओढायचंही नाही. पण संस्था म्हणजे मालक नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. कलम २२ प्रमाणे नाकारलं तर कारणं लिहून कळवावी लागतात आणि तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर अर्जदार सभासद झाला असं धरलं जातं. नाकारल्यावर निबंधकांकडं अपील आहे. हे झालं विकत घेणाऱ्याचं. भाड्यानं देण्याला तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, संस्थेची परवानगीच लागत नाही. कळवायचं, कराराची प्रत द्यायची आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क भरायचं, संपलं. आणि आपल्या शहरातल्या किती तरी इमारती सोसायट्याही नाहीत, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. तिथं फ्लॅटचा मालक पूर्ण मालक. तिथल्या ‘कमिटी’नं भाडेकरूचं नाव विचारायचा संबंध कुठून आला?

तुमच्यातले एखादे वकीलसाहेब २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढतील. अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा. तो मीही वाचलाय. त्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधीतच सभासदत्व पारशांपुरतं लिहिलेलं होतं. तुमच्या उपविधीत असं एक वाक्य दाखवा, मी पत्र मागं घेतो.

आता तक्रारी. सगळ्या माझ्या एकट्याच्या नाहीत. या चार महिन्यांत ज्यांच्या ज्यांच्याकडं विषय काढला, त्यांनी आपापली भर घातली. त्यात एक ख्रिस्ती नर्स आहे, एक बँकेतला अधिकारी आहे, दोन विद्यार्थी आहेत.

१. नाव कळल्यावर घर नाहीसं होतं. हे वर आलंच.

२. घर मिळालं तर अटी वाढतात. इतरांना दोन महिन्यांचं डिपॉझिट, आम्हाला सहा. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्याला कळवणं सगळ्यांनाच असतं, पण आमच्याकडं मागतात तो चारित्र्याचा दाखला, तोही घर बघायच्या आधी. पाहुणे किती येतात? शुक्रवारी गाड्या किती लागतील? बायको बुरखा घेते का? हा शेवटचा प्रश्न मला एका सभासदानं लिफ्टमध्ये, पत्नी शेजारी उभी असताना, माझ्याकडं बघून विचारला. तिच्या अंगावर इचलकरंजीची सुती साडी होती. ती म्हणाली, “मलाच विचारा की.”

३. जेवणाचं निमित्त. इथं मला जरा थांबावं लागतं, कारण हे कोल्हापूर आहे. ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ अशी पाटी लावलेल्या एका इमारतीत मी रविवारी सकाळी अकराला गेलो होतो. पहिल्या मजल्यावर कांदा-खोबरं भाजल्याचा वास, दुसऱ्यावर कुकरच्या शिट्ट्या, तिसऱ्यावर पांढऱ्या रश्श्याचा वास असा की माझीच भूक खवळली. कमिटीचे सदस्य दार उघडायला आले ते नळी चोखून आल्यासारखे तोंड पुसत. मला म्हणाले, आमच्याकडं नॉनव्हेजचा प्रॉब्लेम आहे. मी म्हटलं, वासावरून तरी कुणाला प्रॉब्लेम दिसत नाही. जैन मालकांची अट मी मान्य केली, कारण ती ताटाची अट होती आणि त्यांच्या स्वतःच्या ताटालाही लागू होती. तुमची अट ताटाची नाहीच.

४. मोबाइलवरचे गट. ‘आपल्या बिल्डिंगमध्ये नको, रेट पडतो’ हा निरोप मला एका हितचिंतकानं दाखवला. त्याखाली सोळा अंगठे होते. तेरा मला ओळखतात. पैकी एकाच्या वारसनोंदीसाठी मी सुट्टीच्या दिवशी रेकॉर्ड शोधलं होतं. ते काम माझं होतं, उपकार नव्हते. तरी तो अंगठा बघून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

५. आणि सगळ्यात कडू. अशी दारं बंद होत गेली की माणसं पुन्हा त्याच चार गल्ल्यांत दाटी करून राहतात. तिथं भाडं वाढतं, गटारी तुंबतात, पोरांना अभ्यासाला जागा उरत नाही. मग तुम्हीच व्याख्यानात म्हणता, ‘हे लोक वेगळी वस्ती करून राहतात, मिसळत नाहीत.’ मुसलमानांना हव्या त्या भागात घर मिळत नाही, ही तक्रार २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंदलेली आहे. नवं मी काही सांगत नाही.

हे पूर्वी नव्हतं असंही नाही. पण वारा फिरल्याचं मला जाणवतं. ७ जून २०२३ ला, काही पोरांनी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून, शिवाजी चौकात जमाव जमला. बंद, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेट बंद. पोरांनी केलं ते चूकच. पण त्या पोरांना न ओळखणाऱ्या फळवाल्याचा गाडा का उलटतो, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात घरं आणि मशीद फोडली. त्याच वर्षी करवीर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीनं तर नव्यानं राहायला येणाऱ्या अल्पसंख्याकांची नावं मतदार यादीत घेऊ नयेत असा ठराव केला, मग बोभाटा झाल्यावर माफी मागितली. खरं सांगू? त्या ठरावाचा मला राग आला, पण एक बरं वाटलं. तो लिहिलेला होता. लिहिलेला होता म्हणून लोकांनी वाचला, आणि वाचला म्हणून मागं घ्यावा लागला.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. ‘देसाईसाहेब, ही शाहूंची नगरी आहे, इथं असलं काही नाही.’ कृपा करून हे वाक्य मला ऐकवू नका. पंजे आणि गणपती एका मांडवात बसतात, तेही नको. २०१८ आणि २०१९ ला मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा तालमीत आरतीचं ताट धरायला आणि पंजाला खांदा द्यायला मी दोन्हीकडं होतो. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो, तेही बघून आलोय. सणाच्या दिवशी शेजारी उभं राहणं आपल्याला जमतं. प्रश्न उरलेल्या तीनशे दिवसांचा आहे, जिना, पार्किंग आणि पाण्याच्या टाकीचा.

आणि महाराजांचंच काढायचं तर नीट काढा. १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडं घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग तिचंच. माझे आजोबा खेड्यातून येऊन तिथं राहून शिकले. शहरात त्यांना पहिली खोली मिळाली ती अशी. आमच्या घराण्यातला वाचता येणारा पहिला माणूस त्या खोलीत तयार झाला आणि त्यानंच शुक्रवार पेठेतलं हे घर बांधलं. शिक्षणाच्या आधी राहायला जागा लागते, हे महाराजांना एकशे वीस वर्षांपूर्वी समजलं होतं. म्हणून त्यांनी भाषणं कमी केली आणि बोर्डिंगं जास्त काढली. दलित म्हणून गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात चहा प्यायला कुणी जाईना, तेव्हाही महाराजांनी हुकूम काढून लोकांना पाठवलं नाही. स्वतःची गाडी थांबवली आणि चहा घेतला.

आता एक गोष्ट माझ्या विरोधातली. ती न लिहिता पत्र पाठवलं तर मलाच ते अर्धवट वाटेल.

१९९१ साल. आमच्या ऑफिसातला एक सहकारी, बौद्ध, कागलकडून बदलून आला होता. घर शोधत होता. आमच्याच बोळात दोन खोल्या रिकाम्या होत्या, मालक आमच्याच समाजाचे, माझ्या वडिलांचे दोस्त. मी त्याला घेऊन गेलो. मालकांनी आडनाव ऐकलं आणि म्हणाले, पुतण्या येणार आहे मिरजेहून. पुतण्या कधी आला नाही. त्या खोल्या तीन महिने रिकाम्या पडल्या होत्या, मी रोज समोरून जात होतो. मला सगळं कळलं होतं. मी त्या सहकाऱ्याला एवढंच म्हणालो, “चल, बघू दुसरीकडं.” तो काही बोलला नाही. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि सायकलचं स्टँड काढलं.

आता गेल्या चार महिन्यांत मला दोन पुतणे आणि एक भाचा भेटला तेव्हा ते बघणं आठवलं. तो सहकारी हयात आहे. मी त्याच्याकडं गेलो आणि सांगितलं. तो हसला. म्हणाला, “तुला वेळ लागला भाऊसाहेब.”

म्हणून हे पत्र एका समाजाच्या वतीनं दुसऱ्याला लिहिलेलं नाही. नाव ऐकून पुतण्या जन्माला घालणाऱ्या प्रत्येकाला लिहिलंय, आमच्या बोळातल्यांसकट.

एक मार्ग माझ्यापुढं आहे. माझा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, तालमीतला, म्हणाला, “फ्लॅट माझ्या नावावर घे. करार मी करतो, राहा तू. कोण विचारतंय?” त्याचं प्रेम खरं आहे. मी पत्नीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव लावायचं?” दुसऱ्यांच्या पत्रिकेवर नावं लावण्यात माझा जन्म गेला. मी दोस्ताला नाही म्हणून सांगितलं.

मागण्या साध्या आहेत. पैसे लागत नाहीत, मोर्चा लागत नाही.

पहिली. तुमच्या संस्थेत अमुक समाजाला घर द्यायचं नाही असं तोंडी ठरलं असेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ते मोठ्यानं वाचा. रद्द करायचं असेल तर रद्द करा. ठेवायचं असेल तर इतिवृत्तात लिहा, सूचक-अनुमोदकांच्या नावासह, आणि प्रत उपनिबंधक कार्यालयाला पाठवा. ‘सभासदांची भावना’ ही सही करण्याइतकी पक्की आहे का, ते त्या दिवशी सगळ्यांना कळेल.

दुसरी. नकार द्यायचा तर कारण, तारीख आणि सहीसह द्या. ‘नाही’ एवढा एक शब्दही चालेल, पण कागदावर.

तिसरी. वागण्याच्या अटी घाला, खुशाल घाला. कचरा, हाडं-काटे, आवाज, पाण्याची वेळ, पार्किंग, रात्री गेट किती वाजता. सगळ्या फळ्यावर लिहा आणि पहिल्या मजल्यावरच्या रविवारच्या कुकरलाही लावा. मी त्यातली एक मोडली तर मला बाहेर काढा.

चौथी. घर द्यायला तयार असलेल्या मालकाला अडवू नका. त्याच्या विक्रीच्या कागदांवर, पाण्यावर, पार्किंगवर त्याचा राग काढू नका. त्या जैन गृहस्थांना मी दोषी धरत नाही. त्यांना माझ्या कट्ट्यावर मान खाली घालून बसायला तुम्ही लावलंत.

पाचवी, उपनिबंधक साहेबांना. आपल्या कार्यालयानं शहरातल्या सगळ्या संस्थांना एक पानाचं परिपत्रक काढावं : कलम २२ आणि २३ काय सांगतं, भाडेकरूसाठी परवानगी लागत नाही, आणि धर्म किंवा जात हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. अशा तक्रारींची आवक स्वतंत्र नोंदवावी. ‘अशी एकही तक्रार आमच्याकडं आलेली नाही’ हे उत्तर मला माहीत आहे, मी सरकारी माणूस आहे. तक्रार येत नाही, कारण नकार कागदावर येत नाही. म्हणून सुरुवात कागदापासून करायची.

एवढंच. आमचं घर दसऱ्यानंतर पाडायला घेणार आहेत. तोपर्यंत सामान बांधून ठेवलंय. आजोबांची लोखंडी पेटी तेवढी राहिली आहे, ती दोन माणसांना उचलत नाही, त्यामुळं लिफ्ट तिच्यासाठीही लागेल. पडदे शिवून तयार आहेत, गॅलरी बारा फुटी असेल तर बरोबर बसतील. भाडं महिन्याच्या एक तारखेला देईन, पेन्शन जमा होते त्याच दिवशी. करार नोंदणीकृत करू, खर्च निम्मा निम्मा. माणसं दोन. नातू सुट्टीत येतो, तो आवाज करतो, आधीच सांगतो.

पूर्ण नाव समक्ष सांगेन. आधार कार्डावर आहे तेच आहे.

अर्जाची पोहोच मिळावी, ही विनंती. हरकत असल्यास लेखी कळवावी.

आपला,
देसाई
शुक्रवार पेठ, कोल्हापूर